पाड्यावरच्या शाळेतला टीव्ही: बंद करू की चालू ठेवू?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. तिसरी-चौथी-पाचवी माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. सरांकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही आहे, त्यामुळे बैठका आणि ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचे बरेच दिवस जातात. त्या दिवशी पाचही वर्ग माझ्याकडे असतात.

गेल्या वर्षी गावाने वर्गणी काढून शाळेला स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. लोकांनी किती कष्टाचे पैसे दिलेत हे मी पाहिलंय. सर नसले की मी पहिली-दुसरीला टीव्ही लावून देते. मुलं गुपचूप बसतात, कविता तोंडपाठ झाल्यात. पण परवा पाचवीला ५२ वजा २७ हे उदाहरण दिलं तर निम्म्या मुलांनी उत्तर ३५ लिहिलं. हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ त्यांनी कितीतरी वेळा पाहिलाय. मला रडू यायचं बाकी होतं.

मुलं घरी डांगी बोलतात. व्हिडिओतली भाषा त्यांना किती कळते कोण जाणे. केंद्रप्रमुख व्हॉट्सॲप गटावर डिजिटल वर्गाचे फोटो मागतात. आता एक कंपनी दहा टॅब द्यायला तयार आहे, सर म्हणतात आलेलं नाकारू नये. दिवाळीनंतर निम्मा पाडा द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जातो, काही मुलंही जातात, आणि घरातला एकुलता एक मोबाईलही जातो. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. पण मुलं शिकत नसतील तर हा टीव्ही बंद का करू नये?

– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

टीव्ही बंद करू नका. तो लावून देऊन दुसऱ्या वर्गाकडे वळणं मात्र जमेल तितकं कमी करा. आणि त्या ३५ या उत्तराने रडू नका. एवढं नेमकं काही सांगणारं उत्तर मुलांकडून क्वचित मिळतं.

निम्म्या वर्गाने ३५ लिहिलं, म्हणजे मुलांनी अंदाजपंचे काही ठोकलेलं नाही. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्यांनी ७ मधून २ काढले, ५ आले. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. मोठ्यातून लहान काढायचं हा नियम त्यांनी इमानेइतबारे पाळला. हा नियम त्यांना आपणच पहिली-दुसरीत दिलेला असतो. व्हिडिओत हातचा घेतात, वरचा आकडा खोडतात, शेजारी छोटा १ लिहितात. मुलं ते सगळं पाहतात, पण आपल्या डोक्यातला नियम त्याच्याशी भिडतोय हे त्यांच्या लक्षातच येत नाही, कारण व्हिडिओ त्यांना काही विचारत नाही. विचारायचं काम तुमचं आहे, आणि त्यासाठी तुमच्या टीव्हीचा फार सुंदर उपयोग होतो.

उद्याच करून पाहा. उदाहरण फळ्यावर लिहा, पाटीवर सोडवायला सांगा आणि रांगेतून फिरताना मोबाईलने तीन पाट्यांचे फोटो काढा. एक बरोबर, एक ३५ वाली, एक आणखी वेगळ्या चुकीची. पाटी कोणाची ते कळू देऊ नका. मोबाईल केबलने टीव्हीला जोडा, किंवा तुमच्या टीव्हीवर स्क्रीन मिररिंग चालत असेल तर तसं करा. ३५ वाली पाटी पडद्यावर मोठी दिसू द्या आणि विचारा, "इथे एककाच्या घरात ५ कसे आले असतील?" चूक की बरोबर हे विचारायचंच नाही. कोणीतरी सांगेल, "सातातून दोन काढले." मग विचारा, "आपल्याला कशातून काय काढायचं होतं?" वर्ग गप्प होईल. होऊ द्या, घाई करू नका. आता काड्या काढा. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या एका मुलीच्या हातात द्या आणि म्हणा, "मला सत्तावीस दे." दोन गठ्ठे ती लगेच देईल. मग सात सुट्या द्यायच्या आहेत आणि हातात दोनच आहेत. तिने स्वतःहून एका गठ्ठ्याचं रबर काढेपर्यंत थांबा. तिने ते काढलं की हातचा म्हणजे काय हे तिच्या बोटांना कळलेलं असतं.

तुमचा तो व्हिडिओ लावायची वेळ त्यानंतरची. तोही अखंड लावू नका. आकडा खोडायच्या अगोदरच्या क्षणी थांबवा. "आता पुढे काय करतील?" पाटीवर लिहून घ्या, मग पुढे जा. दोन मिनिटांच्या व्हिडिओला पंधरा मिनिटं लागतील. लागू द्यात.

थांबवायचं हे बटण आपल्या आधीच्या शिक्षकांकडे नव्हतं. १९७५-७६ मध्ये साईट या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. पुण्यात १९८४ साली शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी सुरू झाली. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका आली. या सगळ्यांमागे फार मोठे कष्ट होते, पण प्रक्षेपण आपल्या गतीने पुढे जायचं. मूल मागे राहिलं तरी शिक्षकाला काही करता येत नसे. तुमच्या हातात आज रिमोट आहे. मला विचाराल तर टीव्हीच्या आकारापेक्षा त्या बटणाचं मोल जास्त आहे.

आता जे तुम्ही थोडं अपराधी मनाने लिहिलंय, त्याकडे येते. सर नसताना पहिली-दुसरीला टीव्ही लावून देणं. पाच वर्ग आणि एक शिक्षिका, यात तुमचा दोष काही नाही. तरी हे किती महाग पडतं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत संगणकावर गणिताचा सराव दोन पद्धतींनी देऊन पाहिला होता, त्याचा अभ्यास २००८ साली पुढे आला. सराव तोच, मुलं त्याच वयाची. एका ठिकाणी बाईंच्या शिकवण्याच्या वेळातला वेळ काढून मुलांना संगणकावर बसवलं. दुसरीकडे शिकवण्याला हात न लावता शाळेच्या वेळेबाहेर बसवलं. वेळेबाहेर बसलेल्यांचं गणित सुधारलं. शिकवण्याच्या वेळात बसलेल्यांचं संगणक न मिळालेल्या मुलांपेक्षाही मागे पडलं. बाईंच्या जागी यंत्र बसवलं तेव्हा तोटा झाला आणि बाईंच्या जोडीला बसवलं तेव्हा फायदा झाला.

त्यामुळे ज्या दिवशी इलाजच नाही त्या दिवशी टीव्ही लावा, पण मुलांच्या हातात काहीतरी काम देऊन. दुसरीतल्या एखाद्या मुलीला रिमोट द्या. गोष्ट लावायच्या आधी फळ्यावर तीन चित्रं काढून ठेवा, समजा विहीर, बैल आणि टोपली. यातलं काय दिसलं की हात वर, रिमोटवालीने थांबवायचं आणि सगळ्यांनी ते पाटीवर काढायचं. आवाज होईल, गोंधळ होईल. पण त्या गोंधळात मुलं काहीतरी करत असतील, आणि मुलं टीव्हीसमोर गप्प बसलीत याचा अर्थ ती शिकतायत असा धरायचं कारण नाही. पंधरा-वीस मिनिटांनंतर टीव्ही बंद करून त्यांना बाहेर चिंचोके मोजायला बसवलंत तर ते पुढच्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडेल, याबद्दल मला शंका नाही.

भाषेचा मुद्दा तुम्ही दोन वाक्यांत उरकलात. माझ्या मते तो तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. डांगी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासमोर शहरी प्रमाण मराठीतला व्हिडिओ वेगाने बोलू लागला की त्याला चित्रं आणि संगीत तेवढं उरतं. कविता पाठ होते, कारण पाठ व्हायला अर्थ लागत नाही. यावर सोपा उपाय आहे, आवाज बंद करा. चित्रं चालू ठेवा आणि मुलांना सांगू द्या काय चाललंय ते, त्यांच्या डांगीत. तुम्हाला एखादा शब्द कळला नाही तर त्यांना विचारा, त्यांना फार आनंद होतो. मग तुम्ही तेच मराठीत म्हणा, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच आवाज चालू करून तोच तुकडा पुन्हा दाखवा. आता तीच भाषा त्यांच्या ओळखीची झालेली असेल. हे पहिली-दुसरीला रोज दहा मिनिटं करा. पाचवीलाही परिसर अभ्यासात करायला हरकत नाही.

गणितात पुढे अपूर्णांक येतील, तिथेही हाच क्रम ठेवा. "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" असं विचारलं की बरीच मुलं चतुर्थांश सांगतात, कारण चार तीनपेक्षा मोठे. उत्तर पाटीवर लिहून वर धरायला लावा. मग शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगा, दोन मिनिटं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर १९९० च्या दशकापासून मोठ्या विद्यार्थ्यांकडून हेच करून घेत आले आहेत. आधी स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्याला पाटी पुरते. वाद रंगला की नागलीची भाकरी करा, खरीखुरी, आणि मोडून दाखवा. त्यानंतर पडद्यावर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे हाताने बदलून पाहता येणारी चित्रं, उघडा. ती फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत, आणि नवी सिम्युलेशन्स एकदा तालुक्याच्या गावी उतरवून घेतली की लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतात. भाकरी चार जणांत मोडून झाली की संपते. पडद्यावर तीन, चार, सात, बारा असे भाग हवे तितके करून पाहता येतात, आणि भाग वाढले की तुकडा लहान होतो हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. इथे यंत्र खरोखर काहीतरी असं देतं, जे खडू-फळ्याला जमलं नसतं. अशा जागा शोधायच्या. चंद्राच्या कला, पोटातलं पचन, नदी डोंगरातून समुद्रापर्यंत कशी जाते, या सगळ्याला टीव्ही हवाच. पाढ्यांना आणि शुद्धलेखनाला तो नसला तरी चालेल.

बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचं तुम्हाला माहीत असेलच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ज्या कामासाठी ओळखले जातात, ते हेच. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. लक्षात घ्या, तेही तुमच्यासारख्याच शाळेतून. हे कोड दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतात, तिथलं साहित्य रविवारी नेटवर्कच्या जागी बसून उतरवून घेतलं की आठवडाभर चालतं. पाऊस, वीज, नेटवर्क यांच्या भरवशावर धडा ठेवू नका. पावसाळ्यातला प्रत्येक पाठ असा आखा की वीज गेली तरी अडणार नाही.

आता मोबाईलचा असा एक उपयोग सांगते जो मला टीव्हीपेक्षाही मोलाचा वाटतो. प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन महिन्यातून एकदा आवाजात नोंदवून ठेवा. नवा, न पाहिलेला परिच्छेद द्या. वाचन झालं की लगेच त्या मुलालाच ऐकवा. मुलं स्वतःचा आवाज फार मन लावून ऐकतात आणि "बाई, मी इथे अडकलो," हे तीच सांगतात. तुम्ही सांगून जे होत नाही ते तिथे होतं. ऑक्टोबरमध्ये जूनचं आणि ऑक्टोबरचं वाचन पाठोपाठ ऐकवा, त्याला आणि त्याच्या आईलाही. आई स्वतः शाळेत गेली नसली तरी पोरगं जूनमध्ये अडखळत होतं आणि आता सुरळीत वाचतंय, हे तिला कानाने कळतं. केंद्रप्रमुखांनाही हेच ऐकवा. फोटो मागतात तर एक फोटो पाठवा, त्यात वेळ घालवू नका. पण भेटीला आले की दोन मुलांची वाचनं त्यांच्या हातात द्या. शाळा डिजिटल झाल्याचा याहून भक्कम पुरावा काय असणार? मात्र ही नोंद तुमच्या फोनमध्ये किंवा शाळेच्या पेनड्राइव्हवरच राहू द्या, गटावर किंवा स्टेटसला टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागितली आहे. पालकसभेत समजावून सांगा आणि सह्या-अंगठे घेऊन ठेवा.

द्राक्षाच्या हंगामाचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून जीव तुटतो. जी मुलं आईवडिलांबरोबर जातात त्यांच्या हातात आधी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण पुढे चालू राहावं म्हणून आपल्या शाळेने द्यायचं पत्र, द्या आणि ती जिथे जातील तिथल्या शाळेच्या शिक्षकांशी स्वतः फोनवर बोला. कुठलंही ॲप याची जागा घेणार नाही. त्यानंतर फोन. व्हिडिओ पाठवू नका, डेटा संपतो आणि कोणी पाहत नाही. बोत्स्वानात करोनाकाळात सुमारे ४,५०० कुटुंबांत एक प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला साध्या एसएमएसवर गणिताची उदाहरणं पाठवली, काहींना त्यासोबत शिक्षकाने फोन करून मुलाशी आणि पालकाशी वीसेक मिनिटं गणितावर बोलणं केलं. फोन झालेल्या घरांत मुलांचं गणित सुधारलं, नुसत्या एसएमएसने फारसं काही साधलं नाही. त्याला स्मार्टफोनही लागत नव्हता. तुमची किती मुलं जातात मला माहीत नाही, पण मुलं वाटून घेऊन तुम्ही दोघांनी आठवड्यातून एकदा संध्याकाळी फोन केला आणि दोन उदाहरणं तोंडी सोडवून घेतली तरी धागा तुटत नाही. आई-बाप मळ्यातून वस्तीवर परतल्यावरची वेळ धरा. उदाहरणं तिथलीच द्या. एका पेटीत इतके किलो द्राक्षं, इतक्या पेट्या भरल्या, तर किती. अशी शाब्दिक उदाहरणं तयार करायला चॅटजीपीटीसारखं साधन वापरलंत तरी चालेल, वेळ वाचतो. फक्त प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहा, मराठी नीट करून घ्या आणि मुलाचं नाव त्यात कधी घालू नका.

राहिले टॅब. सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण आधी पेरूची हकिकत त्यांना सांगा. तिथल्या सरकारने गरीब खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलामागे एक लॅपटॉप देण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. ३१९ शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. मुलं यंत्र छान चालवायला शिकली, पण भाषा आणि गणितात मोजण्याजोगा काही फरक पडला नाही. उलट दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या संगणकावरच्या कार्यक्रमाचा चांगला उपयोग झाला. सहावीत बसलेलं मूल गणितात सरासरी दोन-अडीच इयत्ता मागे होतं, आणि कार्यक्रम प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरची उदाहरणं देत होता. सोबत रोज तितकाच वेळ लहान गटाला शिकवणारा माणूसही होता. फरक पडला तो यामुळे. बहुवर्ग शाळेला नेमकी हीच गरज असते, पाचवीतल्या मुलाला दुसरीचं गणित देता येण्याची, तेही त्याची मान खाली न घालता.

म्हणून कंपनीकडे सरळ काही गोष्टी विचारा. आतलं साहित्य मराठीत आहे का? इंटरनेटशिवाय चालतं का? मुलाची पातळी ओळखून उदाहरण देतं, की नुसते व्हिडिओ आहेत? बिघडलं तर दुरुस्ती कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करणार? मुलांची माहिती कुठे जाते? नुसते व्हिडिओच असतील तर टॅब घेऊ नका, तुमच्याकडे टीव्ही आहे. उत्तरं पटली तर दहाऐवजी पाच मागा आणि उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर किंवा छोटा सौर संच मागा. पाच टॅब दोन-दोन मुलांत पुरतात, आणि दोघं एका पडद्यावर भांडत सोडवतात तेव्हा एकेकट्यापेक्षा जास्त बोलतात. टॅब कपाटात राहतील, घरी जाणार नाहीत, आणि तुम्ही एका इयत्तेला समोर घेऊन शिकवत असताना दुसरी इयत्ता त्यावर वीस मिनिटं सराव करेल, असं वेळापत्रक आधी कागदावर मांडा. ते मांडता येत नसेल तर टॅब यायची वेळ अजून आलेली नाही.

हे सगळं सरांशी एकट्याने बोलू नका, आलेलं नाकारण्याचं ओझं तुमच्या एकटीवर येईल. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवा, ज्यांनी टीव्हीसाठी वर्गणी दिली त्यांनाही बसवा, आधी मुलांची वाचनं ऐकवा आणि मग कंपनीचा प्रस्ताव ठेवा. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या, दुरुस्तीच्या अटीसकट.

तुमची,
ताई